चौथं गोदाम

बाजारात त्याच्या पाठीमागे त्याला घुबड म्हणत. तोंडावर अर्थात साहेब. ज्या कंपनीच्या छपरावर हा येऊन बसला तिचं काही खरं नाही, अशी बोलवा होती. तो हेज फंड चालवायचा. मोजक्या श्रीमंतांचे पैसे घ्यायचे आणि बाजार चढो की पडो, त्यातून कमाई काढून दाखवायची, हा त्याचा धंदा. बाकीचे चांगल्या कंपन्या शोधत, हा आजारी कंपन्या शोधायचा. वरून टुणटुणीत आणि आतून पोखरलेल्या. अशा कंपनीचे शेअर उसने आणून आजच्या भावाला विकायचे, भाव कोसळला की स्वस्तात घेऊन ज्याचे त्याला परत करायचे. मधला फरक आपला. सांगायला सोपं. करायला मात्र असं, की सगळं जग एक म्हणत असताना आपण उलटं म्हणत महिनोन्महिने एकट्यानं बसून राहायचं. ते त्याला लहानपणापासून जमत होतं.

ऑफिस सोळाव्या मजल्यावर. नऊ माणसं, आणि आवाज म्हणाल तर पंख्याचा. कंपन्यांचे वार्षिक अहवाल तो मागून पुढे वाचायचा. पहिल्या पानावर अध्यक्षांचा हसरा फोटो असतो, खरं काय ते शेवटच्या बारीक अक्षरांत असतं, असं त्याचं म्हणणं. बायको म्हणायची, "माणसांनासुद्धा तू मागूनच वाचायला घेतोस." ती हे हसून म्हणायची तोवर संसार बरा चालला होता. पुढे तेच वाक्य ती न हसता म्हणायला लागली.

घरचं म्हणावं असं आणखी एकच माणूस होतं, दादा. वडील शिवणकाम करायचे, ते गेले तेव्हा हा आठ वर्षांचा आणि दादा सतरा. दादानं शाळा सोडली आणि गावाबाहेरच्या पंपाच्या कारखान्यात लागला. थोरल्यानं धाकट्यासाठी शिक्षण सोडलं असं कुणी म्हटलं की दादा वैतागायचा. "कसला त्याग घेऊन बसलात? बीजगणिताचा तास आला की मला घाम फुटायचा. सुटलो एकदाचा!" पण धाकट्याच्या कॉलेजची फी त्या कारखान्याच्या पगारातूनच भरली गेली, हेही तितकंच खरं.

कारखान्यात दादा तपासणी विभागात होता. तयार झालेला पंप सुरू करायचा, त्यावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे. "याचं बेअरिंग गेलंय, काढा." यंत्र नंतर तेच सांगायचं. तेहतीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यानं पंप पास केले. घरही कामगारांच्याच वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, डावीउजवीकडे कारखान्यातलेच लोक.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी धाकटा दादाकडे जेवायला जायचा. गाडी वसाहतीच्या फाटकापाशी थांबवायचा आणि आत चालत यायचा. वहिनी वाढायच्या, दादा बोलायचा, हा ऐकायचा. आठवड्यातलं, खरं तर महिन्यातलं, एवढंच एक जेवण तो कुणाच्या तरी समोर बसून जेवायचा.

अशाच एका रविवारी दादा घास घेता घेता म्हणाला, "जागा उरली नाही रे पंप ठेवायला. तीन गोदामं भरली, आता नदीपलीकडे चौथं भाड्यानं घेतलंय. आपल्या वॉचमनला पाठवलंय तिकडे. बिचारा दिवसभर एकटा बसतो पंपांना सोबत करत."

"विकले जात नाहीत का?"

"जात असतील. आम्हाला काय, आम्ही बनवायचे. दुपारची पाळी मात्र बंद केलीय."

वहिनी म्हणाल्या, "कशाला त्यांना सुट्टीच्या दिवशी कारखान्याचं पुराण सांगताय? भाऊजी, भाजी घ्या."

त्यानं भाजी घेतली. पुढे तो दादाच्या गुडघेदुखीबद्दल बोलला. पण सोमवारी सकाळी ऑफिसात त्यानं त्या कंपनीचा अहवाल मागवला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. विक्री एक तृतीयांशानं वाढली, असं त्यात छापलं होतं.

पुढचं काम त्यानं स्वतःच्या हिमतीवर केलं, हे कबूल करायला हवं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या पंक्चरच्या दुकानात दोन माणसं बसवली आणि साठ दिवस बाहेर पडणारे ट्रक मोजून घेतले; छापलेल्या विक्रीच्या मानानं ते फारच थोडे निघाले. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे पत्ते शोधले, तर सहा कंपन्यांचा फोन नंबर एकच निघाला, म्हणजे गिऱ्हाइकंही कागदावरचीच. मग त्यानं पैज लावली, आयुष्यातली सगळ्यात मोठी. सात महिने भाव वरच चढत राहिला. पैसेवाले फोन करून कानउघाडणी करायचे, दोघांनी पैसे काढून घेतले, ऑफिसातले तरुण एकमेकांकडे बघून मान हलवायचे. हा जागचा हलला नाही.

मध्ये एकदा त्यानं दादाला नुसतं सुचवून पाहिलं. दादाची सगळी शिल्लक कंपनीच्याच शेअरमध्ये होती.

"दादा, थोडे विकून टाक की."

"का रे?"

"सगळं एकाच ठिकाणी ठेवू नये."

दादा खळखळून हसला. "मी पास केलेल्या पंपावर माझाच भरवसा नाही, असं सांगू का लोकांना?"

आणखी बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आठव्या महिन्यात एका हिशेबनिसानं राजीनामा देऊन तोंड उघडलं आणि फुगा फुटला. पहिल्या दिवशी भाव निम्म्यावर आला, आठवड्यात रद्दीला जास्त पैसे मिळाले असते. अध्यक्षांना पकडून नेलं. चार महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं, अकराशे माणसं घरी बसली. आणि याला इतका पैसा मिळाला, की पुढच्या तीन पिढ्यांनी हातपाय हलवले नसते तरी चाललं असतं. पुढची पिढी म्हणजे एकुलती एक मुलगी; ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि बापाशी बोलायचं तर आधी सेक्रेटरीबाईंना फोन करायची.

तो दादाकडे गेला, नवं घर घेऊन देतो म्हणाला. दादानं मान हलवली. "तू विक म्हणाला होतास, मी ऐकलं नाही. चूक माझी. पैसे नकोत. तू येत जा, तेवढं पुरे." दादाला पंप दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात काम मिळालं. धाकट्याला जे कळलं ते त्याच्या अभ्यासातून, अहवाल वाचून कळलं, असंच दादा धरून चालला होता. धाकट्यानंही तो समज मोडला नाही.

तो मोडला एका मुलाखतीनं. वर्ष होत आलं होतं. महिन्यापूर्वीच बायको मुलीला घेऊन दुसरीकडे राहायला गेली होती. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त कपाटाचा अर्धा भाग रिकामा. अशा दिवसांत एक वार्ताहर मुलगी आली, समोर बसली आणि तिनं विचारलं, "पण तुम्हाला पहिल्यांदा कळलं कसं?"

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. पैसेवाल्यांना किती मिळाले यात रस, घरी तर कशातच नाही. ती मुलगी हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. त्याची कळी खुलली. "गंमत आहे," तो म्हणाला. "जेवताना कळलं. एक जुना कामगार सहज बोलून गेला, की चौथं गोदाम भाड्यानं घेतलंय. तिथेच मला सगळं दिसलं." नाव त्यानं घेतलं नाही, आणि एवढी काळजी पुरेशी आहे असं त्याला वाटलं. रविवारच्या पेपरात ते वाक्य ठळक अक्षरांत आलं.

त्यानंतर त्यानं दादाला फोन केला तर वहिनी म्हणाल्या, आंघोळीला गेलेत. पुढच्या वेळी, झोपलेत. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी सबबसुद्धा सांगितली नाही. "भाऊजी, सध्या नका येऊ," एवढंच म्हणाल्या.

सवय इतकी, की दुसऱ्या रविवारी ड्रायव्हर गाडी पुसून तयार असायचा आणि नको म्हणायची याला लाज वाटायची. मग निघायचा. अर्ध्या वाटेवर हायवेला एक खाणावळ होती, तिथे गाडी थांबवायचा, खिडकीजवळच्या टेबलावर बसून एकटा जेवायचा आणि माघारी फिरायचा. ड्रायव्हरनं पहिल्यांदा विचारलं, "इथंच का, साहेब?" नंतर विचारलं नाही, आपणहून वळवायला लागला. खाणावळीच्या मालकाला हा फिरता विक्रेता वाटायचा. "धंदा कसा काय?" तो विचारायचा. "बरा आहे," हा म्हणायचा. त्याच वर्षी त्याच्या फंडाला मोठा पुरस्कार मिळाला होता.

अशी सात वर्षं गेली. पैसा वाढत राहिला. टेकडीवर घर झालं, त्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या. चादरी दर पंधरा दिवसांनी बदलायच्या, अशी नोकरांना ताकीद होती, आणि कुणीही न झोपलेल्या चादरी दर पंधरा दिवसांनी धुवायला जायच्या. पन्नासाव्या वाढदिवसाला ऑफिसातल्यांनी केक कापला, सगळे दहा मिनिटं उभे राहिले आणि आपापल्या जागी गेले. मुलीचा मेसेज आला. परदेशात शिकत होती, परीक्षा चालू होती. दादाचा फोन येईल असं त्याला उगाच वाटत होतं. आला नाही.

आला तो वहिनींचा, दोन महिन्यांनी, ऑफिसच्या नंबरवर. सेक्रेटरीबाईंनी जोडून दिला.

"भाऊजी, आता या. त्यांना ऐकू येईनासं झालंय, अगदी ठार. कारखान्याच्या आवाजानं गेले म्हणे कान. आता भांडायचं म्हटलं तरी दोघांना भांडता यायचं नाही, तेव्हा येऊन जा." त्या हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या.

रविवारपर्यंत तो थांबला नाही. गुरुवारीच गेला. दादा खुर्चीवर बसला होता, वाळलेला, केस पार पांढरे. यानं पाया पडायला वाकून वर पाहिलं तर दादा भिंतीकडे बघत होता.

"दादा, माझं चुकलं," तो म्हणाला.

दादाला ऐकू गेलं नाही. यानं आवाज चढवला. वहिनी लगबगीनं पुढे आल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. भिंतीपलीकडे वेल्डरचं घर, खिडकीखाली आणखी कुणी बसलेलं. दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं क्षमा मागायची तर सगळ्या वसाहतीला ऐकू गेली असती. वहिनींनी किराण्याच्या यादीची वही आणि पेन्सिल पुढे केली. बाजारात शब्दाला किंमत असलेला हा माणूस ओळ लिहायला पाच मिनिटं बसला. 'मी त्या बाईला सांगायला नको होतं. तू घरात बोललास ते मी धंद्याला वापरलं.'

दादानं वाचलं. "ते राहू दे," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा तो चढा आवाज ऐकून वहिनींनी खिडकी लावून घेतली. "माझाच भाऊ आहेस, तुझ्यासमोर नाही तर कुणासमोर बोलणार? ते मी कधीच सोडलं. वॉचमनचं काय?"

याला कळेना.

मग दादानं सांगितलं. मुलाखत वसाहतीत सगळ्यांनी वाचली होती. जुना कामगार कोण, यावर आठवडाभर खल चालला. चौथ्या गोदामाची खडान्खडा माहिती कुणाला? तिथल्या वॉचमनला. दादाची तर स्वतःचीच सगळी शिल्लक बुडालेली, त्याचा संशय कुणाला आला नाही. झालं. लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या दारावर कुणीतरी डांबरानं लिहिलं. त्याच्या मुलीशी इतर पोरी खेळेनात. महिन्याभरात तो सामान बांधून निघाला.

"त्याची ट्रंक टेम्पोत चढवायला मी हात लावला," दादा म्हणाला. "एकटाच मी गेलो होतो. मला म्हणाला, दादा, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर? मी म्हटलं, आहे." दादानं वही मांडीवर उलटी केली. "कान गेले ते बरं झालं. ओट्यावर जाऊन बसावं लागत नाही. लोकांना वाटतं, ऐकू येत नाही म्हणून येत नाही."

मग दादा म्हणाला, "तू माणसं शोधून काढतोस ना? त्याला शोध."

कंपन्यांची लफडी खणून काढणाऱ्याला एक वॉचमन शोधायला चार दिवस लागले. तो दुसऱ्या शहरात एका दवाखान्याच्या पार्किंगच्या फाटकावर होता. हा स्वतः गेला, ड्रायव्हरला न घेता. फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. वॉचमननं मधेच एक गाडी आत सोडली, तिचा नंबर वहीत लिहिला, पेन खिशाला लावलं.

"म्हणजे दादाच."

"हो. पण वापरलं मी."

"ट्रंक उचलायला आले होते."

"हो."

"मला वाटायचं, अख्ख्या वसाहतीत एक तरी माणूस निघाला." वॉचमन दुसरीकडे बघत होता.

"तुम्हाला जे काही लागेल ते सांगा. घर, मुलीचं शिक्षण..."

"मुलगी नर्स झाली. या इथंच आहे, दुसऱ्या मजल्यावर. मला काही नको." मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिकडे जाऊन कुणीतरी एवढं सांगा, की तो मी नव्हतो. सांगाल?"

तो हो म्हणू शकला नाही. हो म्हणजे दादाचं नाव. मागून गाडीचा हॉर्न वाजला आणि वॉचमन कामाला लागला.

हे सगळं त्यानं रविवारी दादाला वहीत लिहून दिलं, शब्दाला शब्द. दादानं दोनदा वाचलं. उठला, धुतलेला शर्ट घातला, चपला सरकवल्या. वहिनी आडव्या आल्या. "अहो, आता म्हातारपणी कशाला? या लोकांतच राहायचंय आपल्याला." दादाला ऐकू गेलं नसेल, पण कळलं असणार. त्यानं त्यांचा हात हळूच बाजूला केला.

वसाहतीच्या मधल्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी बरेच लोक असत. कुणी स्कूटर धूत होतं, कुणी दोरीवर कपडे घालत होतं. दादा मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्या चढ्या आवाजात बोलला. फार नाही, चारपाच वाक्यं. गोदामाचं बोललो तो मी. माझ्या घरात, माझ्या भावासमोर. वॉचमनचा काही दोष नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

मग तो लोकांच्या तोंडांकडे बघत उभा राहिला.

वेल्डरनं बादली उचलली आणि घरात गेला. कुणीतरी म्हणालं, "आणि हा बघा भाऊ, गाडीतून येतो." शेवटच्या घरातली बाई पुढे आली. कारखाना बंद झाल्यावर तिच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं होतं आणि तो त्यातून उठला नव्हता. "सात वर्षं आमच्याशी तोंड भरून बोललात," ती म्हणाली. "जीभ कशी झडली नाही तुमची? ते एक वाक्य बोलला नसतात तर माझा माणूस असता आज."

कारखाना तसाही बुडणारच होता, हे सांगायला धाकट्यानं तोंड उघडलं. आकडे त्याला तोंडपाठ होते. तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

दादानं त्याच्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?"

वही त्याच्या हातात होती. पेन्सिल थांबली.

"खरं लिही," दादा म्हणाला.

त्यानं लिहिलं, जसंच्या तसं. दादानं ते वाचलं, पान फाडून खिशात ठेवलं आणि त्या बाईकडे बघून मान खाली घातली. "बरोबर आहे," म्हणाला. ते दोघं घराकडे निघाले तेव्हा लोक वाट सोडून बाजूला झाले.

पुढे काय झालं? वसाहतीनं वॉचमनला पत्र पाठवलं, वीसेक सह्यांचं. तो परत आला नाही, यायचं कारणही नव्हतं. दादाशी बहुतेकांनी बोलणं सोडलं. वहिनी आता किराणा आणायला लांबच्या दुकानात जातात. धाकट्यानं दुसरीकडे घर घेऊन देतो म्हटलं, तर दादानं विषयच बदलला. वर्षभरानं त्यानं फंड बंद केला आणि ज्याचे त्याला पैसे परत केले. पेपरांनी लिहिलं, तब्येतीमुळे. बाजारात म्हणाले, घुबडाला पुढचं काहीतरी दिसलं असणार. दोनतीन जणांनी घाबरून आपले शेअर विकले म्हणे.

दुसऱ्या रविवारी तो दादाकडे जातो, स्वतः गाडी चालवत. दार उघडं असतं, पण कुणी येत नाही. वहिनी चहा देतात. दादा पेपर वाचतो, हा समोर बसतो. वही स्टुलावर असते, तिच्यात पानंच्या पानं कोरी.

गेल्या महिन्यात एकदा वेल्डर आला. उंबऱ्यातच बसला, आत या म्हटलं तरी आला नाही. वही मागून घेतली, काहीतरी लिहिलं आणि दादाच्या हातात दिली. दादानं वाचलं, खाली एक ओळ लिहिली, वेल्डरनं ती वाचली. मग त्यानं पान फाडून आपल्या खिशात घातलं आणि गेला.

काय लिहिलं होतं ते दादानं सांगितलं नाही. धाकट्यानंही विचारलं नाही. चहा संपवून तो निघाला आणि दिवस मावळायच्या आत टेकडीवरच्या घरी पोचला. पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी बदलून बाई नुकत्याच गेल्या होत्या.